नामाचे ऋण : ‘शाची’ या जपानी शब्दाच्या निमित्ताने

एका शब्दाने दोन वस्तूंचा निर्देश व्हावा, यात भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही. ‘कर’ म्हणजे हात, किरण आणि सारा. ‘द्विज’ म्हणजे ब्राह्मण, पक्षी आणि दात. श्लेषावर पोसलेल्या आपल्या काव्यपरंपरेने अशा शब्दांचे कौतुकच केले आहे. मात्र या उदाहरणांत शब्दाचे सगळे अर्थ अस्तित्वाच्या एकाच पातळीवरचे असतात. हात जसा आहे तसा किरणही आहे. परंतु एका शब्दाच्या दोन अर्थांपैकी एक अर्थ श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा, मरणारा प्राणी असेल आणि दुसरा अर्थ केवळ कल्पनेने घडविलेली आकृती असेल, तर त्या शब्दाचा उच्चार करणाऱ्यावर काही नैतिक जबाबदारी येते काय? की शब्द हा केवळ संकेत असून संकेताला पापपुण्य नसते, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढावा? जपानी भाषेतील ‘शाची’ हा शब्द या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे, म्हणून येथे त्याचा आधार घेतला आहे.

जपानीत ‘शाची’ म्हणजे समुद्रातला एक मोठा, काळापांढरा सस्तन प्राणी. इंग्रजीत त्याला ‘किलर व्हेल’ अथवा ‘ऑर्का’ म्हणतात. नावात ‘व्हेल’ असले तरी तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. ‘शाची’चा दुसरा अर्थ, ज्याला अधिक रूढपणे ‘शाचीहोको’ म्हणतात, तो म्हणजे वाघाचे तोंड आणि माशाचे अंग असलेला, शेपूट आकाशाकडे उभारलेला एक काल्पनिक जलचर. किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या छपरांच्या टोकांवर त्याची जोडी बसवितात. दोन्ही अर्थांसाठी चित्रलिपीतले चिन्ह एकच. डावीकडे ‘मासा’, उजवीकडे ‘वाघ’. हे चिन्ह चीनमधून आलेले नाही. ते जपान्यांनी स्वतः घडविले. लिहिणारा समुद्रातल्या प्राण्याविषयी लिहीत असला तरी त्याच्या लेखणीतून वाघ उमटतोच.

छपरावरच्या शाचीची वंशावळ लांबची आहे. बौद्ध धर्माबरोबर चिनी वास्तुकला जपानात आली, तेव्हा छपराच्या माथ्यावर दोन्ही टोकांना शेपटासारखा वळलेला अलंकार बसविण्याची पद्धतही आली. नारा येथील आठव्या शतकातील तोशोदाईजी मंदिरावर या प्रकारचा अलंकार प्रसिद्ध आहे. पुढे त्याला डोळे आले, जबडा आला, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ओदा नोबुनागाच्या आझुची किल्ल्याच्या काळापासून, शाचीहोको हे सत्ताधीशांच्या वास्तूंचे भूषण बनले असे मानले जाते. त्याच्याकडे सोपविलेले काम मात्र जुनेच राहिले. लाकडी वास्तूला सर्वांत मोठे भय आगीचे. हा जलचर पाणी ओकून आग विझवील, अशी श्रद्धा होती.

कलेतिहासाच्या अभ्यासकांनी या आकृतीचा संबंध भारतीय मकराशीही जोडला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर ‘मकर’ हा शब्द चीनमार्गे जपानात पोचला व तेथे ‘माकात्सु’ झाला. मकरराशीचे जपानी नाव आजही ‘माकात्सुक्यू’ असे आहे. म्हणजे ज्या मकरात सूर्य शिरला म्हणून आपण तिळगूळ वाटतो, त्याच मकराचा दूरचा नातलग नागोयाच्या छपरावर शेपूट उभारून बसलेला असावा. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शाचीहोको अगदीच परका वाटणार नाही.

नागोयाचे नाव घेणे अपरिहार्य आहे, कारण शाचीच्या दोन्ही अर्थांची गाठ याच शहरात पडते. तोकुगावा इएयासूच्या आज्ञेने बांधलेल्या नागोया किल्ल्याचा मुख्य मनोरा १६१२ मध्ये पुरा झाला. त्याच्या माथ्यावर सोन्याने मढविलेल्या शाचींची, नर आणि मादी अशी, जोडी बसविण्यात आली. त्यासाठी १,९४० ओबान नाण्यांचे सोने लागल्याची नोंद आहे. पुढे तेथील सत्तेला आर्थिक चणचण भासू लागली, तेव्हा १७३०, १८२७ आणि १८४६ अशी तीन वेळा ही जोडी उतरवून, आटवून, सोन्याचा कस कमी करून पुन्हा मढविण्यात आली. १८७३ मध्ये जोडीतील एक व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात जाऊन आली. १९३७ मध्ये एका चोराने किल्ल्यावर चढून ५८ सुवर्णखवले पळविले. आणि १४ मे १९४५ रोजी अमेरिकी हवाई हल्ल्यात मनोऱ्यासह ही जोडी जळून गेली. ज्याने आगीपासून वास्तूचे रक्षण करावयाचे तो रक्षकच आगीत वितळला. वितळलेल्या अवशेषांतील सोने १९६७ मध्ये शहराकडे परत आले आणि त्यातून चहाचे पाणी उकळण्याची एक किटली घडविण्यात आली. त्यापूर्वीच, १९५९ मध्ये, सिमेंट काँक्रीटचा मनोरा उभा राहिला होता आणि त्यावर सुमारे ८८ किलो अठरा कॅरटच्या सोन्याने मढविलेली नवी जोडी बसली होती.

या इतिहासातून प्रतीकाचा एक स्वभाव स्पष्ट होतो. प्रतीकाने दिलेले वचन पाळले नाही म्हणून कोणी त्याला टाकून देत नाही. ते आटवता येते, त्याचा कस उतरवता येतो, त्याचे खवले नवे बसवता येतात. जळले तर दुसरे घडवता येते, आणि दुसरे हे पहिलेच आहे असे सर्वजण मानतात. नागोयाचा नागरिक १९५९ च्या शाचीकडे बोट दाखवून ‘आमचा शाची’ म्हणतो, त्यात खोटे काही नाही. प्रतीक म्हणजे आकृती. आकृती टिकली की प्रतीक टिकले.

येथे आपल्या न्यायदर्शनातील एक जुनी चर्चा उपयोगी पडते. पदाचा अर्थ कोणता? समोरची एकेक वस्तू म्हणजे व्यक्ती, तिच्या अवयवांची ठेवण म्हणजे आकृती, की त्या सर्व वस्तूंना एकत्र बांधणारी जाती? न्यायसूत्रांनी दुसऱ्या अध्यायात या तिन्ही पक्षांची चर्चा करून, व्यक्ती, आकृती आणि जाती हे तिन्ही मिळून पदार्थ होय, असा निर्णय दिला आहे. ‘गाय’ म्हणताना कधी ही गाय अभिप्रेत असते, कधी मातीची गाय, तर कधी गायपण. आता ही कसोटी ‘शाची’ला लावून पाहावी. छपरावरचा शाची हा आकृती आहे. तिच्यामागे त्या जातीची कोणतीही व्यक्ती नाही. शशशृंगासारखी त्याची स्थिती, फरक एवढाच की या सशाचे शिंग सोन्याने मढविलेले आहे. समुद्रातल्या शाचीच्या ठिकाणी मात्र तिन्ही आहेत, आणि त्यांत व्यक्तीचा अंश विलक्षण प्रबळ आहे.

प्रबळ का, हे सांगितले पाहिजे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर १९७० च्या दशकात मायकेल बिग या संशोधकाने पाठीवरच्या कल्ल्याचे आणि त्यामागील पांढुरक्या खुणेचे छायाचित्र घेऊन एकेक ऑर्का ओळखण्याची पद्धत रूढ केली. त्यातून दिसले की या किनाऱ्याजवळ वसणाऱ्या, मासे खाऊन राहणाऱ्या कुळांत मुलगे आणि मुली दोघेही आयुष्यभर आईजवळ राहतात. प्रत्येक कुळाचे हाकांचे आपले वळण असते. जॉन फोर्ड यांनी या बोलींचा अभ्यास केला. पिलू ते वळण आपल्या माणसांकडून, म्हणजे आपल्या कुळाकडून, शिकते. माद्यांची प्रजननक्षमता संपल्यावरही त्या कित्येक दशके जगतात आणि कुळाचे नेतृत्व करतात. २०१८ मध्ये याच परिसरातील एका मादीचे पिलू जन्मल्यानंतर थोड्याच वेळात मेले. तिने ते मृत पिलू सतरा दिवस आपल्याबरोबर वाहून नेले. या कृतीला कोणते नाव द्यावे याविषयी शास्त्रज्ञ सावध असतात आणि ते योग्यच आहे. परंतु तिला त्या पिलाच्या जागी दुसरे कोणतेही पिलू चालले नसते, एवढे म्हणण्यास धाडस लागत नाही. जेथे ‘दुसरे चालणार नाही’ असे म्हणावे लागते, तेथे व्यक्ती सुरू होते.

माझ्या मते नैतिक प्रश्नाचे मूळ येथे आहे. एकच शब्द दोघांना लागू झाला की व्यक्तीला आकृतीचा न्याय लावण्याचा मोह होतो. आकृतीचा न्याय म्हणजे बदलीचा न्याय : एक गेला, दुसरा आणा, जागा रिकामी राहता कामा नये.

नागोयाच्याच बंदरावर मोठे मत्स्यालय आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये ताईजी या गावाजवळ दहा शाची खाडीत हाकून कोंडण्यात आले आणि त्यांपैकी पाच पकडून ठेवण्यात आले. त्या पाचांतील ‘कू’ नावाची मादी २००३ मध्ये नागोयाच्या मत्स्यालयात आली आणि २००८ मध्ये मेली. त्यानंतर २०१० मध्ये ‘नामी’ ही मादी सुमारे ५० कोटी येन देऊन आणण्यात आली. तिला १९८५ मध्ये समुद्रातून पकडले होते आणि जवळजवळ पंचवीस वर्षे ती ताईजी येथेच होती. नागोयात आल्यावर सातच महिन्यांनी, जानेवारी २०११ मध्ये, ती मेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या एका मत्स्यालयातून तीन शाची तेथे आणण्यात आले. २०१२ मध्ये त्यांच्यातल्या मादीला पिलू झाले. त्या पिलाने समुद्र पाहिलेला नाही.

हा वृत्तान्त कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगितलेला नाही. त्या मत्स्यालयातील मंडळींनी आपल्या प्राण्यांची निगा मनापासून राखली असेल, किंबहुना राखलीच असेल. मला लक्ष वेधावयाचे आहे ते घटनांच्या क्रमाकडे. कू गेली, नामी आली. नामी गेली, तिघे आले. किल्ल्याच्या छपरावर १९४५ नंतर जे घडले, त्याच्याशी या क्रमाचे साम्य मनात खटकल्यावाचून राहत नाही. छपरावर हा क्रम पूर्णतः निर्दोष आहे. हौदात तो निर्दोष आहे काय?

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. प्राणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून माणसाला त्याच्याविषयी ममत्व वाटत नाही. बंदिवासातील शाचींनीच शाचीविषयीचे भय घालविले. हा आक्षेप इतिहासाला धरून आहे. १९६४ मध्ये व्हँकूव्हरच्या मत्स्यालयाने एका शिल्पकाराला ऑर्काची पूर्णाकृती प्रतिमा घडविण्याचे काम दिले. नमुना म्हणून एक ऑर्का मारून आणावा, अशी योजना होती. हार्पूनचा घाव बसूनही तो प्राणी मेला नाही, तेव्हा त्याला दोराने ओढत बंदरात आणले. तो सुमारे तीन महिने जगला. या काळात लोकांनी पाहिले की ज्याला ‘मारेकरी’ म्हणतात तो माणसाच्या हातून मासा घेतो. जनमत पालटले, शास्त्रज्ञ त्याचा आवाज ऐकू लागले, आणि पुढील संशोधनाचा पाया घातला गेला.

परंतु ही हकीकत आक्षेपकाच्या बाजूने जितकी बोलते तितकीच विरुद्ध बाजूनेही बोलते. आकृती घडविता यावी म्हणून व्यक्तीला मारावयाचे ठरले होते. व्यक्ती मेली नाही, म्हणूनच माणसांना काही कळले. त्या प्राण्याकडून मानवजातीला ज्ञान मिळाले हे खरे. पण ज्ञान ज्याच्याकडून घेतले त्याचे आपण ऋणी होतो. ऋणकोने धनकोकडून पुन्हा पुन्हा तेच उसने घ्यावे आणि पहिल्या उसनवारीचा दाखला देऊन दुसरी समर्थनीय ठरवावी, हा व्यवहार कोणत्याही धर्मशास्त्राला मान्य होणार नाही. रानटी समुद्रात या प्राण्याने माणसाला ठार केल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही. बंदिवासात मात्र १९९१ ते २०१० या काळात चार माणसे त्याच्यामुळे दगावली. या दोन वाक्यांच्या मध्ये हौदाची भिंत उभी आहे.

मग नाव बदलावे काय? काहींना हा उपाय सुचतो. ‘किलर’ हा शब्द अन्यायकारक म्हणून टाकून ‘ऑर्का’ म्हणावे, असा इंग्रजी भाषकांत कल आहे. पण शास्त्रीय नावातील ‘ऑर्सिनस’ हे पद रोमन लोकांच्या पाताळदेवतेशी, ऑर्कसशी, जोडले जाते. म्हणजे मारेकऱ्याच्या जागी मृत्यूचा देव आला, एवढाच फरक. नागोयाच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने किल्ल्यावरील शाचीवरून ‘ग्रँपस’ हे नाव घेतले. ग्रँपस हे ऑर्काचे जुने इंग्रजी नाव. काल्पनिक प्राण्याचे भाषांतर करताना हाती खरा प्राणी आला, आणि तोही पुन्हा चिन्ह होऊनच आला. होक्काइदोतील ऐनू लोक मात्र या प्राण्याला ‘रेपुन कामुय’, म्हणजे खोल समुद्राचा देव, म्हणत. तो देवमासे किनाऱ्याकडे हाकलतो व माणसांना अन्न मिळते, असा त्यांचा अनुभव. हेही दैवतीकरणच आहे; तथापि त्यात एक गोष्ट अधिक आहे. या नावात घेतलेल्याची आठवण आहे. छपरावरच्या शाचीकडून माणसाने फक्त मागितले. रेपुन कामुयकडून मिळाले हे तो कबूल करतो.

हा दोष जपानी भाषेचा आहे, असे समजून आपण स्वतःला मोकळे करून घेऊ नये. ‘मकर’ शब्दाचे आपण काय केले? तो गंगेचे आणि वरुणाचे वाहन झाला, कामदेवाच्या ध्वजावर चढला, भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंताच्या विभूतींत त्याची गणना झाली. देवळांच्या तोरणांवर तो शतकानुशतके कोरला गेला. त्याच शब्दापासून आलेली ‘मगर’ मात्र कातडीसाठी मारली गेली. १९७० च्या दशकात तिची आणि गंगेतल्या घडियालाची अवस्था अशी झाली की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७५ मध्ये सुरू झालेला मगर संवर्धन प्रकल्प यांच्याविना ती कदाचित तोरणापुरतीच उरली असती. आकृतीच्या दोन हजार वर्षांच्या पूजेने जे साधले नाही, ते सरकारी कायद्याच्या रुक्ष कलमांनी काही अंशी साधले. पूजेला येथे अपयश आले, कारण पूजा मकराची होती आणि मरत होती ती मगर. आपण तर देवमाशाला ‘देव’ही म्हणतो आणि ‘मासा’ही म्हणतो, दोन्ही शब्दांत त्याची ओळख चुकलेली आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे स्वाभाविक शंका येईल. ‘पुरुषव्याघ्र’ म्हणणाऱ्या कवीने वाघाच्या संरक्षणाचीही चिंता वाहावी काय? तसे झाले तर अलंकार लिहिणेच बंद करावे लागेल. माझे म्हणणे इतके टोकाचे नाही. अलंकार हे भाषेचे वैभव आहे आणि कल्पित प्राणी हे माणसाच्या भयाचे व आशेचे खरेखुरे दस्तऐवज आहेत. शाचीहोको नसता तर लाकडी शहरात झोपणाऱ्या माणसाचे आगीचे भय आपल्याला इतके स्पष्ट दिसले नसते. प्रश्न अलंकार वापरावा की नाही हा नाही. आपले काव्यशास्त्र सांगते की लक्षणा मुख्यार्थाच्या आधाराने उभी राहते. मुख्यार्थ बाधित झाला तरी त्याच्याशी असलेला संबंध तुटत नाही. या तांत्रिक विधानाला मी नैतिक अर्थ देऊ इच्छितो. लक्ष्यार्थाने मुख्यार्थाकडून जे घेतले, ते त्याचे ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मानणाऱ्या परंपरेला हे चौथे ऋण समजण्यास अडचण पडू नये.

हे ऋण फेडावयाचे म्हणजे काय करावयाचे? शब्दाच्या पातळीवर फार थोडे, पण तेवढे आवश्यक. जेव्हा नाव उच्चारतो तेव्हा आपण आकृतीविषयी बोलत आहोत की व्यक्तीविषयी, हे स्वतःशी स्पष्ट ठेवणे. आणि व्यक्तीविषयी बोलत असू, तर बदलीचा न्याय न लावणे. फेब्रुवारी २००५ मध्ये होक्काइदोच्या राऊसू किनाऱ्याजवळ वाहत्या बर्फात शाचींचे एक कुळ, पिलांसह, अडकले. किनाऱ्यावरची माणसे काही करू शकली नाहीत. नऊ शाची मेले. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर ‘शाची’ या शब्दाला वाघाचे तोंड नव्हते आणि सोन्याचे खवलेही नव्हते. पाहणाऱ्यांना शब्दाचा मुख्यार्थ दिसत होता.

जपानीत ‘शाचीहोकोबारू’ असे एक क्रियापद आहे. छपरावरच्या शाचीसारखे ताठ होणे, अवघडून औपचारिक वागणे, असा त्याचा अर्थ. शब्दही असेच ताठ होतात. त्यांच्यातला प्राणी निघून जातो आणि उभारलेले शेपूट तेवढे मागे राहते. ‘मकर’ हा शब्द आपल्याकडे बहुतांशी असा ताठ झाला आहे. ‘शाची’ अद्याप पुरता झालेला नाही, कारण समुद्रात शाची अजून पोहत आहेत, आणि त्यांच्या कुळांतून पिलांना शिकविल्या जाणाऱ्या हाकांत आपण दिलेल्या कोणत्याही नावाला जागा नाही.